उकिरडा वर, विहीर खाली



गावचा कचरा खड्ड्यात लोटला की तो संपला, असं आपण धरून चालतो. पण पावसाळा लागला की तोच कचरा पाण्याबरोबर चालू लागतो.

पावसाचे पाणी कचऱ्यातून झिरपताना क्षार, अमोनिया, कुजका रस, बॅटऱ्यांतले नि रंगांतले धातू घेऊन खाली उतरते. हे काळे पाणी जमिनीतला प्राणवायू खाते; मग खडक-मातीतले लोह विरघळते. विहिरीतून काढताना पाणी स्वच्छ दिसते, पण घागरीत ठेवले की तांबूस होऊ लागते. असे पाणी उकळून क्षार जात नाहीत. टीसीएल पावडरने जंतू मरतात, धातू तसेच राहतात. पुण्याजवळ उरुळी देवाची-फुरसुंगीला 1980 च्या दशकापासून शहराचा कचरा पडत गेला. तिथल्या विहिरी नासल्या आणि शेतकऱ्यांवर टँकरचे पाणी प्यायची वेळ आली.

चंद्रपूर-गडचिरोली भागात तर जास्तच जपायला हवे. चंद्रपूरकडे वालुकाश्म व चुनखडी, गडचिरोलीकडे बराचसा जुना कठीण खडक. खडकाच्या भेगांतून पाणी पळते, मातीसारखे गाळले जात नाही. सोडून दिलेली खाण दिसली की ती कचऱ्याने भरावीशी वाटते. पण जिथे भर उन्हाळ्यातही पाणी टिकते, त्या खाणीचा तळ बहुधा भूजलातच असतो. नाल्यात टाकलेली घाणही तिथे राहत नाही. झरपट इरईला मिळते, इरई वर्धेला. वर्धा-वैनगंगेची पुढे प्राणहिता होते.

या भागातले माजी मालगुजारी तलाव बांधणाऱ्यांनी आधी उतार पाहिला, मग पाळ घातली. कचऱ्याची जागाही तशीच उतार पाहून ठरवावी.

ध्यानात ठेवावे:

1. 2016 च्या घनकचरा नियमांत भरावाच्या जागेसाठी नदीपासून 100 मीटर आणि तलाव, वस्ती व पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून 200 मीटर अंतर सांगितले. तळ भूजलाच्या पातळीहून किमान 2 मीटर वर हवा. त्यावर 90 सेंटिमीटर चिकणमाती दाबून बसवायची आणि वर दीड मिलिमीटर जाड प्लास्टिकचा थर अंथरायचा.
2. वरच्या अंगाला चर काढून पावसाचे पाणी बाहेरच वळवावे.
3. ओला कचरा वेगळा काढून मळीच्या खताबरोबर कुजवावा. खड्ड्यात जितका कमी जाईल, तितके काळे पाणी कमी.
4. खालच्या अंगाच्या विहिरींचे नमुने पावसाळ्याआधी व नंतर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत.

नासलेली विहीर उपसून साफ होत नाही. वरून झिरपणे चालूच असते. म्हणून ग्रामसभेत कचऱ्याच्या जागेचा विषय निघेल तेव्हाच उठून विचारा, "याच्या उताराला कोणाची विहीर आहे?"