उन्हाळ्याच्या सुट्टीतला स्वाध्याय

सुट्टीत काय वाचावं, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. लांबलचक यादी आम्ही देत नाही. थोडंच घ्या, पण पुरं करा.

वाचायला गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’. वरसईचे हे भिक्षुक. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाले, आणि बंडात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. पैसा लुटला गेला, तरी गंगेची कावड घेऊन घरी परतले. १९०७ साली पुस्तक छापताना चिं. वि. वैद्यांनी मजकुरात बरेच फेरफार केले होते. दत्तो वामन पोतदारांनी मूळ मजकूर १९६६ साली प्रसिद्ध केला. मिळाली तर तीच प्रत घ्या. भाषा सुरुवातीला अडते. मोठ्यानं वाचा, आजी-आजोबांना जवळ बसवा, म्हणजे सुटते.

ऐकायला कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं. जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा. क्षयामुळे देवासला आले. गाणं बंद होतं त्या काळात अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले. कामं करता करता मात्र ही भजनं लावू नका.

आणि मुलांबरोबर प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) पाहा. पागनीसांचे तुकोबा आहेतच, पण गौरी यांची जिजाई नीट बघा. घर तीच चालवते! कोण कुठवर पोहोचलं, ते रविवारी ग्रुपवर कळवा.