संगणकावर पत्ते: यंत्र कसे निवडावे?

थंडीच्या दिवसांत न्यू जर्सीत किंवा मिशिगनमध्ये घराबाहेर पडणे आपल्या वयात सोपे नाही. मग संगणकावर पोकरचा डाव लावायचा, बाजूला मुंबईच्या बहिणीशी व्हिडिओवर बोलायचे आणि मधेच बँकेचा हिशोब बघायचा, असा काहींचा दिवस जातो. पत्त्यांनी मन रमते, डोकेही चालते. मात्र नवा संगणक घ्यायला गेलो की दुकानदार वेग आणि रंगीत दिवे दाखवतो. आपण आधी डोळे, मान आणि मनगट यांचा विचार करावा.

पडदा: लहान लॅपटॉपवर दोन-तीन खिडक्या उघडल्या की पत्ते नखाएवढे दिसतात. इस्पिक आणि किलवर दोन्ही काळे, त्यामुळे फसगत होते. २४ ते २७ इंची पडदा घ्यावा. लॅपटॉप असेल तर असा पडदा त्यालाच जोडता येतो. पडदा हातभर अंतरावर, समोरासमोर असावा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यावी. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर पडदा थोडा खाली घ्या, नाहीतर हनुवटी वर करून मान आखडते. पुष्कळ खेळांत पत्त्यांचे चार रंग करण्याची सोय असते: किलवर हिरवा, चौकट निळी. मोतीबिंदू असणाऱ्यांनी ती जरूर वापरावी.

आतले यंत्र: पत्त्यांना महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. खेळ, व्हिडिओ आणि बँक एकाच वेळी चालवायचे तर १६ जीबी मेमरी आणि एसएसडी डिस्क पुरे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून जुना संगणक स्वस्तात मिळाला तरी तो विंडोज ११ चालवतो का, हे विचारून घ्या. इंटरनेटची तार थेट संगणकाला जोडली तर ऐन डावात संपर्क तुटण्याची भीती कमी.

माऊस आणि खुर्ची: माऊस हाताच्या मापाचा हवा. मनगट दुखत असेल तर उभा माऊस वापरून पाहा. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, पाठीला आधार पाहिजे. दर अर्ध्या तासाने उठून खोलीत फेरी मारा. तासन् तास बसून राहिल्याने पाय सुजतात आणि शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघा. एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात.

आता महत्त्वाचे. संगणक चार कामे एकदम करील, आपला मेंदू नाही. तो एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि वयाप्रमाणे ही उडी मंदावते. पोकरमध्ये विचाराला काही सेकंदच मिळतात. बहिणीचे बोलणे ऐकता ऐकता बटण दाबले तर पैसे गेलेच. फोन आला की ‘सिट आउट’ दाबून टेबलावरून थोडा वेळ बाजूला व्हा. रात्रीचे जेवण झाले की डाव बंद. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी रक्तदाब आणि तोल दोन्ही बिघडू शकतात.

पैसे न लावता खेळता येते, तेच मी सुचवीन. पैसे लावायचेच तर परवाना असलेल्या ठिकाणीच. नेवाडा, डेलावेअर आणि न्यू जर्सी येथे असा खेळ २०१३ साली सुरू झाला, पुढे पेनसिल्वेनिया आणि मिशिगनमध्येही. तिथे महिन्याला किती पैसे भरायचे याची मर्यादा आधीच घालता येते. ती पहिल्याच दिवशी घाला. बँकेची खिडकी खेळाच्या बाजूला उघडी ठेवू नका.

शेवटी औषधांबद्दल. पार्किन्सन किंवा पायांच्या रात्रीच्या अस्वस्थतेसाठी प्रामिपेक्सोल अथवा रोपिनिरोल घेणाऱ्या काहींना जुगाराची अनावर ओढ लागते. मानसिक आजारासाठी दिल्या जाणाऱ्या अरिपिप्राझोलबाबतही अमेरिकेच्या एफडीएने २०१६ साली असा इशारा दिला आहे. माणूस आयुष्यभर काटकसरीने राहिलेला असतो, आणि अचानक पहाटेपर्यंत खेळू लागतो, पैसे लपवू लागतो. घरचे त्याला व्यसनी म्हणतात. तो शरमेने गप्प बसतो. हा त्याच्या स्वभावाचा दोष नाही, औषधाचा परिणाम असू शकतो. डॉक्टरांनी प्रमाण कमी केले किंवा औषध बदलले की ही ओढ बहुतेक वेळा ओसरते. म्हणून घरात असे कोणी असेल तर रागावू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. १-८००-४२६-२५३७ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मदत मिळते. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.