मोटारीच्या रंगास जपणारें पॉलिशयंत्र

मोटारीस चकाकी आणणें हें काम वरवर पाहतां फार सोपें वाटतें. यंत्र हातीं घ्यावें, कळ दाबावी आणि रंग आरशासारखा दिसूं लागावा, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ज्या यंत्रानें चकाकी येते, त्याच यंत्रानें अजाण हातीं रंग कायमचा जातो. म्हणून जो प्रथमच असें यंत्र घेऊं इच्छितो, त्यानें काय पाहावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम रंगाची रचना समजून घेऊं. आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर सर्वांत खालीं प्रायमर, त्यावर रंग, आणि बहुधा सर्वांवर क्लिअर कोट नांवाचा पारदर्शक थर असतो. हे सर्व मिळून जाडी साधारणपणें १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांत पारदर्शक थराचा वांटा सुमारें ४० ते ५० मायक्रॉनच असतो. मनुष्याचा केंस अदमासें ७० मायक्रॉन जाड असतो; म्हणजे आपणांस जो थर घासावयाचा, तो केंसाहूनही पातळ होय. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचें रक्षण हाच थर करतो. पॉलिश करणें म्हणजे ओरखडा भरून काढणें नव्हे, तर त्याच्या सभोंवतालचा थर त्याच्या तळापर्यंत झिजविणें होय. झिजलेला थर पुन्हां येत नाहीं. तो संपला तर तो भाग नव्यानें रंगवावा लागतो. नखास अडकेल इतका खोल ओरखडा या उपायानें घालविण्याच्या भरीस नवशिक्यानें पडूं नये.

आतां यंत्रांकडे वळूं. पहिला प्रकार रोटरी. यांतील पॅड एकाच स्थिर आंसाभोंवतीं फिरतें आणि हातानें कितीही दाबलें तरी सहसा थांबत नाहीं. त्यामुळें घर्षणाची उष्णता एकाच जागीं सांचते, व दाराच्या कडेवर किंवा बॉनेटच्या उंचवट्यावर, जेथें थर मुळांतच पातळ असतो तेथें, तो पाहतां पाहतां जळून जातो. कसबी कारागिराच्या हातीं हें यंत्र उत्तम व जलद काम देतें. शिकाऊ मनुष्यानें तें घेऊं नये.

दुसरा प्रकार ड्युअल ॲक्शन. यांत पॅडाचा मध्य आंसापासून किंचित् बाजूस असतो. पृथ्वी जशी सूर्याभोंवतीं फिरतां फिरतां स्वतःभोंवतींही फिरते, तद्वत् हें पॅड लहानशा वर्तुळांत झुलतें व स्वतःभोंवतींही फिरतें. ही दुसरी गति यंत्रानें बळें दिलेली नसते. म्हणून दाब अधिक झाला किंवा पॅड तिरकें झालें, तर ती आपोआप मंदावते व थांबते. केवळ झुलणें उरतें आणि रंग बचावतो. नवशिक्याची चूक पोटांत घालणारें यंत्र तें हेंच. तिसऱ्या प्रकारांत या दोन्ही गति दांतेरी चक्रांनीं दिलेल्या असतात. तें दाबानें थांबत नाहीं, म्हणून तें हात बसल्यानंतरचें.

कित्येक जण काटकसर म्हणून लोखंड घासण्याच्या ग्राइंडरलाच लोकरीचें पॅड लावतात. येथें थोडें गणित करूं. १०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीचा परिघ ३१४ मिलिमीटर. ती मिनिटास ११,००० फेरे घेत असेल, तर तिची कड सेकंदास ५७ मीटरांहून अधिक वेगानें धांवते. उलट १५० मिलिमीटरचें पॅड मिनिटास १,००० फेरे घेतां कडेचा वेग सुमारें ८ मीटर पडतो. सातपट वेगाचें हें हत्यार केंसाहून पातळ थरावर चालविणें म्हणजे हातानें रंग खरवडण्यासारखेंच आहे.

ड्युअल ॲक्शन यंत्र घेतांना पुढील गोष्टी पाहाव्यात. झुलण्याच्या वर्तुळाचा व्यास, ज्यास थ्रो म्हणतात, तो ८ ते १५ मिलिमीटर असावा. २१ मिलिमीटरचें यंत्र सपाट भागावर जलद चालतें, परंतु वांकणांवर अडखळतें. पॅडामागील चकती १२५ मिलिमीटरची बरी. वेग कमी-अधिक करण्याची सोय हवी, आणि वजन हातास पेलेल इतकेंच असावें. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची आहे; अमेरिकेंतून आणलेलें १२० व्होल्टचें यंत्र तीस थेट जोडल्यास जळेल. एका चौकोनांत दुसरा चौकोन अशी खूण यंत्रावर असल्यास तें दुहेरी आवरणाचें आहे असें समजावें. अन्यथा तीन खिळ्यांची पिन व चांगलें अर्थिंग अवश्य पाहावें.

यंत्र कितीही सुरक्षित असलें तरी रीत पाळावीच लागते. मोटार स्वच्छ धुवून सावलींत थंड होऊं द्यावी. धुळीचा एक कण पॅडाखालीं राहिला तरी नवे ओरखडे उमटतात. कडांवर चिकटपट्टी लावावी. पॅड रंगावर टेकवूनच कळ दाबावी, व बंद करतांना तें थांबेपर्यंत उचलूं नये. प्रथम दीड फूट चौरस जागेवर मऊ पॅड व सौम्य पॉलिश घेऊन परीक्षा करावी. तेवढ्यानें भागलें तर अधिक तीव्र कंपाऊंड वापरूंच नये. मागील चकतीवर शाईची एक रेघ ओढावी, म्हणजे पॅड फिरतें आहे कीं नाहीं हें डोळ्यांस दिसेल. प्लॅस्टिकचा बंपर पत्र्याप्रमाणें उष्णता वाहून नेत नाहीं व लौकर तापतो. तेथें हात विशेष हलका ठेवावा.

जुनी मोटार विकत घेतलेली असेल, तर ती पूर्वीं कितीदां घासली गेली हें डोळ्यांस कळत नाहीं. जाडी मोजण्याचें लहान उपकरण मिळतें. परंतु साधें उपकरण सर्व थरांची एकत्र जाडी सांगतें, वरच्या थराची निराळी नव्हे. अशा वेळीं दोन-चार बारीक रेषा राहूं देणें यांतच शहाणपण आहे. आमच्या विद्यार्थिबंधूंपैकीं जे पुढें गॅरेजांत किंवा घरच्या अंगणांत हें काम हातीं घेतील, त्यांनीं मालकास तसें मोकळेपणानें सांगावें, व मगच यंत्राची कळ दाबावी.