पर्वतेश्वराने आधी खंड लिहून दिला



दत्तभक्तहो, जयंतीच्या सप्ताहात आपल्यापैकी बरेच जण श्रीगुरुचरित्राचे पारायण करतात. मीही नोकरीत असल्यापासून करतो. पण खरं सांगायचं तर पुष्कळ वर्षं मी ते बँकेतल्या माणसासारखंच वाचलं. आज इतके अध्याय, उद्या तितके, वेळेत संपलं की झालं. ताळा जमला! कथेतल्या माणसानं नेमकं काय केलं, याकडे लक्ष गेलं ते घरात एक प्रसंग उभा राहिला तेव्हा.

सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी १८ वा अध्याय येतो. घेवड्याच्या वेलाची कथा सर्वांना पाठ आहे. नृसिंहवाडीच्या पलीकडे अमरापूर, म्हणजे आजचं औरवाड. तिथल्या गरीब ब्राह्मणाच्या दारी श्रीनृसिंहसरस्वती स्वामी भिक्षेला गेले, घरच्या माउलीने घेवड्याच्या शेंगांची भाजी वाढली, आणि जाताना स्वामींनी तोच वेल उपटून टाकला. ज्या वेलावर घर जगत होतं तोच गेला. ती माउली रडली. नवरा घरी आल्यावर त्याने गुरूंना बोल लावला नाही, उलट बायकोची समजूत घातली. पुढे वेलाचं मूळ काढताना द्रव्याने भरलेला कुंभ सापडला. ही कथा वाचून आपण म्हणतो, देवावर सोडलं की कुंभ मिळतो. मीही तसंच म्हणत होतो. पण त्या ब्राह्मणाने स्वतःहून काही सोडलं नव्हतं, त्याच्याकडून ते घेतलं गेलं होतं. गेलेल्याबद्दल कुरकुर न करणं ही एक गोष्ट झाली. जे अजून आपल्या मुठीत आहे ती मूठ उघडणं ही दुसरी, आणि माझ्यासारख्याला तीच जास्त जड.

माझी मूठ कसली, ते सांगतो. मी बँकेत बरीच वर्षं कॅशला होतो. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक कॅशियरकडे, एक साहेबाकडे. एकट्याने तिजोरी उघडत नाही. ही पद्धत मी उभा जन्म पाळली, पण घरी मात्र दोन्ही किल्ल्या माझ्याच कंबरेला. लाइटबिलापासून लग्नकार्यापर्यंत सगळं माझ्या वहीत. चार वर्षांपूर्वी थोरला चिरंजीव चाकणची नोकरी सोडून गावी आला. म्हणाला, "आप्पा, ऊस काढून डाळिंब लावू." सव्वादोन एकर रान, सातबारा माझ्या नावावर, कर्जाला सही माझी. आपल्या भागात डाळिंबावर तेल्या येतो, मर येते, बागाच्या बागा लोकांनी काढून टाकल्या, हे मी रोज चावडीवर ऐकत होतो. ऊस कसाही असला तरी कारखान्याला जातो. मी नाही म्हटलं. दोन महिने पोरगा माझ्याबरोबर जेवायला बसला नाही.

शेवटी एक दिवस मी म्हटलं, "कर तुला काय करायचं ते, मी देवावर सोडलं." आमच्या सौ. ताडकन म्हणाल्या, "देवावर कुठं सोडलं? रुसून बसलाय तुम्ही." खरं होतं. सही दिली नव्हती, आणि खताच्या दुकानातली पावती मात्र रोज मागत होतो. देवाचं नाव घेऊन मी फक्त माझा राग झाकला होता. आपल्या वयाच्या पुष्कळ घरांत हे होतं, कुणी बोलत नाही इतकंच.

त्याच वर्षी सप्ताहाच्या सातव्या दिवशी गाणगापूरच्या पर्वतेश्वराची कथा आली. आपली पंढरपूरची भीमा पुढे वाहत जाते, तिच्याच काठचा हा शेतकरी. स्वामी संगमावर अनुष्ठानाला जाता-येता हा रानातून धावत येऊन नमस्कार करायचा. एकदा स्वामींनी सांगितलं, विश्वास असेल तर मी दुपारी परत येईपर्यंत उभं पीक कापून टाक. जोंधळा हिरवागार होता.

दरवर्षी मी इथे पुढे पळायचो, शंभरपट पिकाकडे. त्या दिवशी मधल्याच ओव्यांवर थांबलो. पर्वतेश्वर विळा घेऊन थेट शेतात गेला नाही. आधी गावच्या अधिकाऱ्याकडे गेला आणि मागच्या वर्षाच्या दुप्पट खंड लिहून देऊन शेत स्वतःच्या जोखमीवर घेतलं. मग कापणीला हात घातला. बायकामुलं आडवी आली, अधिकाऱ्याकडे तक्रार गेली, तरी हा म्हणाला, भीती असेल तर ठरलेलं धान्य आत्ताच देतो. वीतभर खोड ठेवून सगळं कापलं. स्वामी परत आले आणि म्हणाले, अरे, आम्ही विनोदाने बोललो, उगाच कापलंस! त्यावरही त्याची श्रद्धा हलली नाही. पुढे थंड वाऱ्याने गावची पिकं गेली, अवेळी पाऊस झाला, आणि याच्या एकेका बुडख्याला अकरा-अकरा फुटवे आले. (खोडव्याचा ऊस घेणाऱ्या आपल्या लोकांना फुटवा म्हणजे काय हे सांगायला नको. पण अकरा म्हणजे अकरा!)

बँकेत जामीनदारांच्या सह्या घेण्यात माझा जन्म गेला, म्हणून मला त्या खंडाची किंमत कळली. पर्वतेश्वराने विश्वास स्वतःचा ठेवला आणि तोटाही स्वतःच्याच नावावर लिहून घेतला. सरकारचा वाटा बुडवून त्याने श्रद्धा दाखवली नाही. मी करत होतो ते नेमकं उलटं. 'देवावर सोडलं' म्हणून तोट्याचा धनी पोराला करून ठेवत होतो, म्हणजे बाग गेली तर 'मी सांगत होतो' म्हणायला मी मोकळा.

सप्ताह उठल्यावर मी आधी लेकीला फोन केला. रानात तिचाही हक्क आहे, तिला विचारल्याशिवाय ते गहाण टाकणं बरं नव्हे. तिने होकार दिला. सौ.च्या औषधपाण्यापुरती ठेव बाजूला काढली, तिला हात लावायचा नाही असं ठरवलं. मग पोराला बोलावून सही केली आणि म्हटलं, "तोटा आला तर तो माझा, तुझा नव्हे. हिशेब विचारणार नाही." आणि कपाटाची किल्ली त्याच्या हातात दिली. मूठ उघडताना पोटात गोळा आला, हे कबूल करतो.

आमच्या घरी कुंभ निघाला नाही, हेही लिहिलं पाहिजे. पहिल्याच बहराला तेल्या आला, फवारणीचा खर्चही निघाला नाही. तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं, त्या रात्री तेवढंच जमलं. पोरगा ओट्यावर बसून होता, मी शेजारी जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही काही बोलला नाही." दुसऱ्या बहराने बरं दिलं. कर्ज अजून आहे. वहीत आता त्याचं अक्षर आहे, बेरजा मला दिसतात, चुकतातही कधीकधी.

गेल्या जयंतीला सातव्या दिवशी तो माझ्या मागे बसून पोथी ऐकत होता. रात्री शेतीची लाइट आली तसा मोटार सुरू करायला उठला. सवयीने मीही बॅटरी घेऊन मागोमाग निघालो, व्हॉल्व्ह नीट फिरवतो की नाही बघायला. पायरीपर्यंत गेलो. तिथून त्याचा उजेड बांधावरून जाताना दिसत होता. थोडा वेळ उभा राहिलो, मग आत येऊन निरांजनात तूप घातलं.