पाणी तुमचंच, असं ते तोंडी सांगतात

उदंचन प्रकल्पासाठी आमची जमीन घेऊ पाहणाऱ्या कंपनीशी बोलणी फिसकटली ती माझ्या हट्टामुळे, असं आमच्या भावकीतले काही जण आजही म्हणतात. एकानेही कागद वाचलेला नाही. मी दरासाठी अडलो नव्हतो. तीन गोष्टी लिहून मागितल्या होत्या: वाडीला उपसा करून पाणी, वरच्या माळावर जायची वाट आणि तळ्याबाहेर उरणाऱ्या तुकड्यांचीही खरेदी. यातली एकही शेवटपर्यंत कागदावर आली नाही.

आमच्या जमिनीचा गट सातारा जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, कड्यावरच्या सपाटीवर. उदंचन प्रकल्पाला अशीच जागा लागते. वर एक तळं, खाली एक तळं. वीज स्वस्त असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, मागणी वाढली की तेच टर्बाइनवर सोडायचं. घाटघरचा 250 मेगावॉटचा सरकारी प्रकल्प 2008 पासून असाच चालतो. राज्याने 2023 मध्ये या प्रकल्पांचं धोरण जाहीर केलं आणि आमच्या घाटात पांढऱ्या गाड्या दिसू लागल्या.

कंपनीने जमिनीच्या कामाला नेमलेला माणूस जवळपासचाच, बोलायला गोड. "काका, तळं होतंय तुमच्या दारात. गुरांना पाणी, विहिरींना पाझर, उन्हाळी बागायत. पाणी तुमचंच." कोयनेच्या धरणात ज्यांच्या सोयऱ्यांची गावं बुडाली त्यांच्यासमोर बसून तो हे सांगत होता. आणि लोक माना डोलावत होते, कारण तळं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गावतळंच येतं.

एके दिवशी त्यांचा तरुण इंजिनिअर नकाशा घेऊन आला. त्याने तो ओसरीवर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यावर आमचाच पितळी तांब्या ठेवला. तळ्याच्या कडेने दोन रेषा होत्या, एक निळी आणि आत बरंच अंतर सोडून दुसरी तुटक. मी विचारलं, "ही आतली उन्हाळ्यातली पातळी का?" पोरगा सरळ होता. म्हणाला, "नाही काका, ही रात्रीची."

"म्हणजे रोज?"

"रोज. सकाळनंतर भरायचं, संध्याकाळी सोडायचं. त्यामुळे काठाला कुंपण राहील, गुरा-माणसांनी जवळ येऊन चालणार नाही."

सोबत आलेल्या त्या जमिनीच्या कामाच्या माणसाने तोवर नकाशाची घडी घालायला घेतली होती. तांब्या कलंडला, पाणी ओसरीवर सांडलं, तरी तो थांबला नाही. "तांत्रिक गोष्टी आहेत, नंतर बोलू." तेवढ्यावरून मला सगळं कळलं. साध्या धरणाचं पाणी हळूहळू ओसरतं, मागे राहिलेल्या जमिनीत लोक गाळपेर करतात, काठावर गुरं उतरतात. इथे काही तासांत मीटरच्या मीटर पाणी चढणार नि उतरणार. त्यातला थेंबही गावासाठी नव्हता. आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मी पुढच्या बैठकीत उपशाचं कलम घाला म्हटलं. "वरिष्ठांना विचारतो" असं उत्तर आलं आणि आमच्या ओसरीवर येणं बंद झालं. कंपनीची माणसं मुंबईला गेली. तिथल्या आमच्या चुलतभावांना गाठून त्यांचा अविभक्त हिस्सा खरेदी केला. आम्हाला कळलं ते थेट फेरफाराच्या नोटिशीवरून. हिस्सा विकणं बेकायदा नाही. पण समोर बसून बोलणी चालू असताना पाठीमागून भावकी फोडायची, याला मी व्यवहार म्हणत नाही. नोटिशीपाठोपाठ गटाच्या खालच्या अंगाला, बारमाही झरा आहे नेमका त्याच बाजूला, सिमेंटचे खांब उभे राहिले. अविभक्त हिस्सा घेणाऱ्याला वाटप होईपर्यंत अमुकच तुकडा माझा, असं म्हणता येत नाही. हे त्यांच्या वकिलांना माहीत नसेल?

म्हणून ज्यांच्या गावात आता गाड्या येताहेत त्यांच्यासाठी लिहितो.

सामाईक सातबारा असेल तर बोलणी सुरू होण्याआधी वाटप करून घ्या. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे होतं, नसतील तर दिवाणी कोर्टाशिवाय मार्ग नाही. फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीला 15 दिवस मिळतात. ती लेखी द्या, पोच घ्या. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या गटाची सूची दोन, म्हणजे खरेदी-विक्रीच्या दस्तांची नोंद, अधूनमधून पाहत जा.

साठेखतात खरेदीची शेवटची तारीख हवी. "सर्व परवानग्या मिळाल्यानंतर" असं लिहिलेलं असेल तर तुमची जमीन आजच्या दराला वर्षानुवर्षं अडकली. त्यासोबत कुलमुखत्यारपत्र पुढे करतात, ते देऊ नका. मोबदला घेऊन हितसंबंध जोडलेलं कुलमुखत्यारपत्र नंतर मनात आलं म्हणून रद्द करता येत नाही. सर्वेक्षणाचं संमतीपत्रही नीट वाचा. आमच्याकडे बोअर मारून दगडाचे नमुने काढले, बांध फुटले, भरपाईचं कुणी नावही काढलं नाही.

पोटखराब्याचा, म्हणजे लागवडीलायक नसलेल्या भागाचा, दर वेगळा लावतात. डोंगरी गटात पोटखराबाच जास्त असतो आणि तळं नेमकं त्यावर येतं. हा मुद्दा पहिल्याच बैठकीत काढा. झाडं, विहीर, झरा यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा.

2013 च्या भूसंपादन कायद्यात खाजगी कंपनीसाठी 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते, ग्रामीण भागात बाजारभावाला गुणकही लागतो. कंपनी थेट खरेदी करते तेव्हा यातलं काही आपोआप लागू होत नाही. तेव्हा दर मागताना आधी या कायद्याने किती मिळाले असते तो हिशेब मांडा. वकील स्वतःचा लावा, कंपनीने सुचवलेला नको. घाई करू नका. घरातल्या बायकांना बैठकीत बसवा, पाणी त्याच आणतात आणि प्रश्नही त्याच नेमके विचारतात.

मी विजेच्या विरोधात नाही. दिवसाची सौरऊर्जा रात्रीसाठी साठवायची तर अशी तळी लागतील, हे मला पटतं. पण पाणी देणार म्हणून जो सांगतो त्याने ते किती, कुठून, कुणाच्या खर्चाने उपसायचं हे लिहून द्यावं. न देणाऱ्याला सही देऊ नये.

आमचा वाटपाचा दावा कोर्टात आहे, खांब अजून तिथेच आहेत. तुमच्या सातबाऱ्यावर मुंबई-पुण्याला राहणाऱ्या भावांची, बहिणींची नावं असतील तर त्यांना आजच फोन करा. तुमच्याआधी कंपनीचा माणूस त्यांच्या दारात पोचू देऊ नका.