जडत्व आणि कापसाची गाडी



दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातला कापूस आदिलाबादच्या मार्केट यार्डात येऊ लागतो. भरलेली गाडी जागची हलवताना बैलांना फार जोर लावावा लागतो. तीच गाडी उतारावर आवरणेही कठीण जाते. दोन्हींमागे एकच गुणधर्म आहे, तो म्हणजे जडत्व.

बाहेरून बल लागल्याशिवाय वस्तू आपली स्थिर अवस्था किंवा सरळ रेषेतील एकसमान गती बदलत नाही. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात मांडलेला हा गतीचा पहिला नियम. जडत्व किती, हे वस्तुमानावरून ठरते.

उदाहरण : रिकामी गाडी ३०० किलो आहे. तिच्यात ९ क्विंटल कापूस भरला, म्हणजे एकूण १२०० किलो. घर्षण वजा जाता ६०० न्यूटन बल मिळते असे धरू.

त्वरण = बल ÷ वस्तुमान
रिकामी गाडी : ६०० ÷ ३०० = २ मी/से²
भरलेली गाडी : ६०० ÷ १२०० = ०.५ मी/से²

वस्तुमान चौपट झाले, त्वरण पाव झाले.

परीक्षेत पुष्कळ जण लिहितात की, वेग वाढला की जडत्व वाढते. हे बरोबर नाही. उभ्या आणि धावत्या ट्रकचे वस्तुमान सारखेच, म्हणून जडत्वही सारखेच. वेगाबरोबर वाढतो तो संवेग (वस्तुमान × वेग).

हा धडा फक्त गुणांसाठी नाही. आपल्या भागातून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो. ब्रेकचे बल तेवढेच धरले, तर दुप्पट वस्तुमानाच्या वाहनाला थांबायला दुप्पट अंतर लागते, आणि वेग दुप्पट असेल तर चौपट! चालकाने आपल्याला पाहिले तरी भरलेला ट्रक लगेच थांबू शकत नाही. म्हणून तो पुढे गेल्यावरच रस्ता ओलांडावा. कापसाच्या ढिगावर बसून प्रवासही करू नये. ब्रेक लागला की गाडी थांबते, पण आपले शरीर जडत्वामुळे पुढे जातच राहते.

करून पाहा : दोन सारखे डबे घ्या. एकात कापूस, दुसऱ्यात वाळू भरून दोन्ही सारख्या लांबीच्या दोरीने टांगा. बोटाने हळूच ढकला, मग झुलता डबा थांबवून पाहा. डब्याचे वजन दोरीने पेलले आहे; बोटाला जाणवते ते जडत्व.

विचार करा : चंद्रावर वजन सुमारे एक षष्ठांश होते. मग तिथे वाळूचा डबा ढकलणे सोपे जाईल का?