होटगीहून एका दिवसाचा गोवा : खर्च किती आणि तो कुठे वाचतो

होटगी रोडच्या विमानतळावरून ९ जून २०२५ ला गोव्याची विमानसेवा सुरू झाली, आणि तेव्हापासून आमच्या भागात पारावर, सलूनात, लग्नाच्या पंगतीत एक प्रश्न हमखास निघतो. "सकाळी जाऊन रात्री परत येता येतंय का ओ? आणि माणशी किती लागतील?"

येता येते. काटकसरीने गेलात तर माणशी तीन हजारांच्या आसपास, विमानाने गेलात तर आठ-नऊ हजार. पण हा हिशेब मांडताना बहुतेक लोक चुकीच्या जागी काटकसर करतात. बसच्या तिकिटात शंभर रुपये वाचावेत म्हणून तीन मोबाइलवर शोधाशोध करतात आणि गोव्यात उतरल्यावर दहा किलोमीटरच्या टॅक्सीला हजार रुपये देऊन मोकळे होतात. सोलापूर ते पणजी हे चारशेच्या आसपास किलोमीटर स्वस्तच आहेत. खिसा कापतात ते शेवटचे दहा. पुढचे सगळे आकडे बिगरहंगामी, कामाच्या दिवसाचे धरले आहेत. दिवाळी, नाताळ, लागून आलेल्या सुट्ट्या असल्या की ते दीडपट-दुप्पट धरा.

आधी विमानाचे बघू, कारण सगळ्यांना तेच विचारायचे असते. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि पहिला मार्ग मिळाला तो गोव्याचा. फ्लाय ९१ कंपनीचे छोटे, पंख्याचे एटीआर विमान गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरते. होटगी गावातून विमानतळ दहा-एक किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुण्याच्या माणसाला हेवा वाटावा असे. तिकीट तारखेप्रमाणे हलते. नियोजनासाठी एका बाजूचे तीन ते चार हजार धरा. खरी अडचण वेळेची आहे. ज्या दिवशी सकाळी जायला आणि त्याच दिवशी दुपारनंतर परतायला विमान आहे, तोच दिवस तुमच्या कामाचा. वेळापत्रक हंगामागणिक बदलते, म्हणून आधी परतीचे विमान बघा, मग जायचे. दोन्ही जुळले तरी हातात किती तास उरतात ते कागदावर मांडा. मोपाला उतरून बाहेर पडायला अर्धा तास, पणजीला जायला तास, परत यायला तास, आणि उड्डाणाच्या आधी तास-दीड तास विमानतळावर हजर. पाच-सहा तासांच्या मुक्कामातले चार असेच जातात. उरलेल्या दीड-दोन तासांसाठी आठ हजार घालायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला विचाराल तर विमान एका बाजूनेच घ्या. रात्रीच्या बसने जा, दिवसभर फिरा आणि संध्याकाळचे विमान असेल तर त्याने परत या. थकलेल्या पायांना ते पैसे वसूल वाटतात.

रेल्वेचा मोह आपल्याला होणारच, कारण आपले गाव जंक्शन. होटगी–गदग हा लोहमार्ग १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने टाकला, आणि त्याच दशकात पोर्तुगीज हद्दीतून मुरगाव बंदराची लाइन घाट चढून कॅसलरॉकला भिडली. म्हणजे होटगी आणि गोव्याचे बंदर लोखंडाने जोडलेले आहे ते विमानसेवेच्या सव्वाशेहून जास्त वर्षे आधीपासून. पण गदग किंवा हुबळीला गाडी बदलावी लागते आणि एकूण वेळ एका रात्रीत बसत नाही. एका दिवसाच्या सहलीसाठी रेल्वे बाद. दोन-तीन दिवस काढून जाणार असाल तेव्हा मात्र याच लाइनवरचा ब्रागांझा घाट दिवसाउजेडी बघावा. दूधसागर धबधब्याला गाडीतून उतरू नये, रेल्वेने ते बंद केले आहे आणि दंडही होतो.

राहिली बस. सोलापुरातून रात्री सुटून पहाटे-सकाळी म्हापसा-पणजीला पोचणाऱ्या खासगी स्लीपर गाड्यांचे एका बाजूचे ९०० ते १२०० धरा. शुक्रवारी रात्री जाणे आणि रविवारी रात्री येणे म्हणजे आपणहून महाग तिकीट मागणे. मंगळवार-बुधवार निवडा. इथे एक नियम माहीत असू द्या. राज्य सरकारच्या २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयाप्रमाणे खासगी कंत्राटी बसला त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. सणासुदीला हा नियम सर्रास धाब्यावर बसतो. तिकिटाचा फोटो ठेवून आरटीओकडे तक्रार करता येते, आणि ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

एसटीने जाणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा, आणि घरात बायका-म्हातारी माणसे असतील तर फारच वेगळा. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले खरे, पण १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे, आणि पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. मात्र ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. बांद्याच्या पुढे गोव्याची हद्द लागली की पूर्ण भाडे. थेट गाडी सोयीची नसेल तर सोलापूर–कोल्हापूर आणि कोल्हापूर–पणजी असे दोन तुकडे करा. कोल्हापुरातून एसटीच्याही गाड्या आहेत, गोवा सरकारच्या कदंबच्याही. ज्यांना सवलत आहे त्यांनी एसटीचीच धरावी, कारण आपल्या राज्याची सवलत कदंबच्या गाडीत चालत नाही. (पवनार ते पत्रादेवी शक्तिपीठ महामार्ग झाला की हे सगळे अंतर चुटकीसरशी कापू, असे सांगणारे भेटतील. ज्यांच्या जमिनी त्यात जाणार आहेत त्यांना भेटा, मग चुटकी वाजवा.)

आता ते शेवटचे दहा किलोमीटर.

गोव्यात ओला-उबर चालत नाही. २०१८ पासून गोवा माइल्स नावाचे ॲप आहे, त्यात भाडे आधी दिसते. रस्त्यावरच्या टॅक्सीत बसायचे तर भाडे आधी ठरवा, "परतीचं रिकामं यावं लागतंय" हे कारण धरूनच आकडा सांगितला जातो. मोपाला उतरलात तर बाहेरच कदंबची विजेवरची बस पणजी, म्हापसा, कळंगुट, मडगावकडे जाते. माणशी दोन-तीनशेच्या घरात. तेवढ्याच अंतराला टॅक्सी दीड-दोन हजार सहज घेते. गावागावांत फिरणाऱ्या साध्या बसगाड्या तर आपल्या सिटी बससारख्याच. पणजी–जुने गोवे, पणजी–म्हापसा, पणजी–कळंगुट, यातले कुठलेही तिकीट पन्नासच्या आत. गाडी लहान, गर्दी भरपूर, आणि कंडक्टर शिटी मारून थांबवतो. लक्षात ठेवायचे ते इतकेच की संध्याकाळी सात-साडेसातनंतर या गाड्या विरळ होतात. सूर्यास्त बघत वाळूत बसून राहिलात की टॅक्सीवाल्याच्या हाती सापडलात.

युरोपात भूमध्य समुद्राकाठच्या मोनॅकोला जाणारे शहाणे प्रवासी असाच पैसा वाचवतात. रात्र शेजारच्या नीसमध्ये काढायची, वीस-पंचवीस मिनिटांच्या लोकल गाडीने जायचे, महागड्या बंदरावर चालत फिरायचे आणि जेवायला बाहेर पडायचे. महाग गावात बघणे फुकट असते, बसणे महाग.

दोघे असाल आणि लायसन्स असेल तर भाड्याची स्कूटर परवडते. दिवसाचे ४०० ते ६०० आणि वर पेट्रोल. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच गाडी घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे, पोलिसांनी अडवले तर निस्तरायचे तुम्हालाच. हेल्मेट मागच्यालाही हवे. मूळ आधार किंवा लायसन्स गहाण ठेवू नका, झेरॉक्स द्या. आणि गाडी ताब्यात घेण्याआधी चारी बाजूंनी मोबाइलवर चित्रण करून ठेवा, म्हणजे संध्याकाळी जुन्या ओरखड्याचे पैसे तुमच्या नावावर पडत नाहीत.

खाण्याचे सांगायचे तर घरून निघतानाच अर्धे काम होते. कडक भाकरी आणि शेंगा चटणी हे सोलापूरकराचे प्रवासाचे जेवण. दोन दिवस ना विटते ना आंबते, आणि बसच्या रात्रीची सोय होते. सकाळी पणजीत उतरल्यावर कॅफे टाटो, कॅफे भोसले यांसारख्या जुन्या जागी पातळ भाजी-पाव आणि चहा शंभराच्या आत होतो. शाकाहारी माणसालाही चालतो. आपल्याकडच्या लिंगायत मंडळींनी गोव्यात खायचे काय ही काळजी सोडावी. दुपारी बाजारातल्या खाणावळीत माशाची थाळी १५० ते २५०. भात, हुमण, एखादा तळलेला तुकडा, सोलकढी. हीच थाळी वाळूवरच्या शॅकमध्ये पाचशेला. शॅकचे मेनूकार्ड हातात घेतले की इसवण आणि पापलेटपुढे आकडा नसतो, "साइजप्रमाणे" असे लिहिलेले असते. वेटर ताटलीत मासा आणून दाखवतो, तुम्ही मान डोलावता, आणि बिलात तो मासा बाराशेचा होतो. मान डोलावण्याआधी "केवढ्याला?" विचारा, आणि उत्तर बिलबुकावर लिहून घ्या. लाजायचे काही कारण नाही.

बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो काढायला सांगा. जुलै २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. पाच टक्के जीएसटी मात्र द्यावा लागतो. पाण्याच्या बाटलीवरून भांडण दुकानात करा, हॉटेलात नको. बसून खाण्याच्या ठिकाणी छापील किमतीपेक्षा जास्त घेण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मोकळीक दिली आहे. दारूचे म्हणाल तर तिथे स्वस्त आहे हे सगळ्यांना पाठ असते. पण किनाऱ्यावर उघड्यावर प्यायला बंदी आहे, दंड हजारांत आहे, आणि पिशवीत बाटल्या घालून बांद्याच्या अलीकडे येणाऱ्याला इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले विचारतात. स्वस्त बाटली तिथे महाग पडते.

बघायला पैसे लागत नाहीत. जुन्या गोव्यातले १६०५ साली पूर्ण झालेले बॉम जेझू चर्च आणि समोरचे से कॅथेड्रल, दोन्हींना तिकीट नाही. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. पणजीच्या फोंताइन्यश वस्तीत चालत फिरा, पण लोकांच्या दारात, ओट्यावर बसून फोटो काढू नका. तिथले रहिवासी त्याला विटले आहेत. मांडवीची पणजी–बेती फेरीबोट पायी माणसाला फुकट आहे. दहा मिनिटांत पलीकडे, परत येताना कॅसिनोच्या बोटी जवळून दिसतात. तेवढ्या जवळून पुरे. आत जायचे तर माणशी हजारोंत.

समुद्रात उतरायचे असेल तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा, नुसता लाल झेंडा असेल तर नाही. जून ते सप्टेंबर पाण्यात जाण्याचा विचारच करू नका. आपल्याला हिप्परग्याच्या तलावाची सवय, लाटेची ओढ ओळखता येत नाही. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दिवसांतही जाऊ नका. खाणावळी बंद असतात, मालक-नोकर सगळे गावी. अंघोळ-कपड्यांसाठी बसस्थानकाजवळच्या लॉजवर तीन-चार तासांची खोली मागून बघा, चौघांत वाटली की माणशी सव्वाशे-दीडशे पडते.

असा सगळा हिशेब जोडला तर : बसचे जाऊन-येऊन अठराशे ते चोवीसशे, गोव्यातल्या बसगाड्या दीडशे, दोन वेळचे खाणे आणि चहा पाचशे, अंघोळ दीडशे, होटगी–सोलापूर रिक्षा शंभर-दीडशे, आणि अडीनडीला तीनशे. तीन हजार ते साडेछत्तीसशे. दोन सलग रात्री चाकावर काढायची तयारी असेल तरच.

समुद्रच हवा असेल, गोव्याचे नाव नको असेल, तर सावंतवाडीहून एसटीने शिरोड्याला जा. वेळागरचा किनारा, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचे गाव, मालवणी थाळी. पलीकडे रेडी आणि नदीच्या अलीकडच्या काठावर असूनही गोव्याच्या मालकीचा तेरेखोलचा किल्ला. शिरोड्यापर्यंतचा सगळा प्रवास महाराष्ट्रात, म्हणून बायकांचे तिकीट शेवटच्या थांब्यापर्यंत अर्धेच. चौघींचा गट असेल तर गोव्यापेक्षा माणशी हजाराने स्वस्त पडायला हरकत नाही.

तरुण मुले असाल तर बसने दोन्हीकडून जा. आई-वडिलांना न्यायचे असेल तर निदान परतीचे तरी विमान घ्या. आणि पाच वर्षांखालचे मूल बरोबर असेल तर एका दिवसाचा हट्ट सोडा, म्हापशात हजार-बाराशेची खोली घेऊन एक रात्र राहा.